वाड्याची तुळई कोणत्या करवतीखालून आली, हे कसं ओळखावं

जुन्या सागवानाला हल्ली गोष्ट चिकटवून विकतात. "इंग्रजांच्या काळातला माल, वाफेच्या इंजिनावर कापलेला, दीडशे वर्षं झाली" असं म्हटलं की घनफुटाचा भाव चढतो आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मान डोलावतं. मी सांगलीचा, वाडे उतरवून निघालेल्या लाकडाचा धंदा करतो, त्यामुळे ही गोष्ट मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावी लागते. कधीकधी ती खरीही असते. पण त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे दडलेले असतात. लाकडाचं वय हा एक, ते कापणारी करवत हा दुसरा आणि ती करवत फिरवणारं इंजिन हा तिसरा. तिन्हींची तपासणी वेगळी. लाकडावरची खूण करवत कुठली ते सांगते, इंजिनाबद्दल ती गप्प असते. इंजिन हवं असेल तर लाकूड कापायच्या गिरणीच्या, म्हणजे सॉ मिलच्या, जागेवर जावं लागतं, नाहीतर कागदात शिरावं लागतं.

आधी लाकूड. सोबत मोबाईलचा टॉर्च, पोलादी पट्टी, शिवणाचा दोरा, बटर पेपर, मऊ पेन्सिल आणि एक जुना टूथब्रश असला की झालं. ओलं फडकं नको. ओल्या फडक्यानं धूळ खाचेत बसते, आणि जुन्या खाचेतला जुना धूर हाच तर आपला साक्षीदार.

घरमालक तुम्हाला नेमकी चुकीची बाजू दाखवतो, म्हणजे दिवाणखान्यातून दिसणारी. ती सुतारानं रंधा मारून गुळगुळीत केलेली असते, वर तेल, वार्निश, नंतर ऑइल पेंट. तिथं काही सापडत नाही. खुणा राहतात त्या जिथं कुणी रंधा मारायचे कष्ट घेतले नाहीत तिथं. तुळईची वरची बाजू, भिंतीत गाडलेलं टोक, चौकटीची भिंतीकडची पाठ. कडीपाटाचं घर असेल तर माती काढल्यावर पाटाची वरची अंगं उघडी पडतात, ती तर सोन्यासारखी जागा. खिडक्या लावून घ्या, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, समोरून नाही. समोरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं. आडव्या उजेडात प्रत्येक खाच सावली टाकते. खूण हातात आली की तिच्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिल आडवी घासा, खूण कागदावर उतरते आणि घरी नेऊन निवांत मोजता येते.

आता काय दिसतं ते.

वाकसानं, म्हणजे सुताराच्या तासायच्या आडव्या पात्याच्या हत्यारानं, तासलेलं लाकूड असेल तर उथळ, पसरट घाव दिसतात, एकाला लागून एक. हात फिरवला तर पृष्ठभाग लाटेसारखा खालीवर लागतो. इथं करवतीचा संबंधच नाही.

अरकशांनी कापलेलं लाकूड म्हणजे ओंडका उंच कैचीवर चढवून एक माणूस वर आणि एक खाली, मध्ये लांब करवत. त्याच्या रेषा तिरक्या असतात, आणि तिरकेपणा दर वीतभर बदलतो, कारण माणूस दमतो, पाय हलवतो, विडीला थांबतो. दोन रेषांमधलं अंतर कुठंच सारखं नसतं. कधी एका टोकाशी काप पूर्ण न करता शेवटचा भाग फोडून काढलेला दिसतो. तिथं दातांची खूण नसते, फाटलेले तंतू असतात.

उभ्या चौकटीत बसवलेली, खालीवर चालणारी यंत्राची करवत असेल तर रेषा सरळ, कडेला जवळजवळ काटकोनात, आणि पट्टी लावून बघाल तर अंतर एकसारखं. प्रत्येक झटक्याला ओंडका ठरावीक पुढं सरकतो, तेच अंतर.

गोल चकतीची खूण तर पोरसुद्धा ओळखेल. बांगडी फुटून तुकडे ओळीनं मांडावेत तशा कमानी. आणि बँडसॉची खूण पुन्हा सरळ, पण बारीक, दाट. तिला उभ्या चौकटीची खूण समजू नका. बँडसॉचा पट्टा एकाच दिशेनं अखंड धावतो, त्यामुळे खोल झटका दिसत नाही. पट्ट्याचा सांधा जिथं जोडलाय तिथं थोडी जाड रेष पडते आणि ती ठरावीक अंतरानं परत येते.

सगळ्यात जास्त माहिती देते ती चकती, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. कमानीवरून चकतीचा आकार काढता येतो. कमानीच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत दोरा ताणायचा, त्याची लांबी मोजायची. मग दोऱ्याच्या मध्यापासून कमान किती वर गेलीय ते मोजायचं. दोऱ्याच्या लांबीचा वर्ग करा, त्याला उंचीच्या आठपटीनं भागा, आणि आलेल्या आकड्यात उंचीची निम्मी मिळवा. ही झाली त्रिज्या. समजा दोरा १२ इंच आणि उंची १ इंच. १४४ भागिले ८ म्हणजे १८, अधिक अर्धा, साडेअठरा. चकती ३७ इंची. उंची मोजताना पाव इंच इकडंतिकडं झालं तर उत्तर फार हलतं, म्हणून तीन-चार कमानी घ्या आणि जितका लांब दोरा धरता येईल तितका धरा.

चकती अर्ध्यापेक्षा जास्त कधीच लाकडात शिरत नाही, मध्ये धुरा आणि त्याची वाटी आड येते. म्हणजे ३७ इंची चकती फार तर पंधरा-सोळा इंच उंचीचा ओंडका कापणार. एवढ्या चकतीच्या कमानी वीस इंच रुंद फळीवर सलग दिसत असतील तर तुमचं मोजमाप तरी चुकलंय, नाहीतर तिथं दोन चकत्या एकावर एक बसवल्या होत्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रचंड झाडांसाठी असं करत. तसं असेल तर फळीच्या मधोमध वरच्या आणि खालच्या कमानी भेटतात आणि तिथं बोटाला लागेल अशी बारीक पायरी असते.

एखादा दात इतरांपेक्षा जरा बाहेर राहिला असेल तर तो प्रत्येक फेऱ्याला एक ठळक कमान काढतो. दोन ठळक कमानींमधलं अंतर म्हणजे एका फेऱ्यात लाकूड किती पुढं सरकलं ते. अर्धा इंच असेल आणि चकती मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ३०० इंच, म्हणजे २५ फूट लाकूड कापलं जात होतं. फेरे किती ते खुणेवरून कळत नाही, तो अंदाजच. पण चकतीच्या कडेचा वेग मिनिटाला नऊ-दहा हजार फुटांच्या आसपास ठेवायचा हा गिरणीवाल्यांचा जुना हिशेब आहे, त्यावरून चार फुटी चकतीला सातशे ते आठशे फेरे येतात.

मिरजेत एका वाड्याचं माजघर उतरवताना असा एक नग हाती आला. घरच्या काकू म्हणाल्या, "अण्णा, आमचे सासरे सांगायचे, हे लाकूड रंगूनचं आहे. इंजिनावर कापलेलं." मी म्हटलं, "काकू, भिंतीतलं टोक निघू द्या, मग बोलू." टोक निघालं. त्यावर हातोडीनं मारलेला शिक्का होता, अर्धा किडीनं खाल्लेला, पण एका अक्षराची गोलाई आणि भोवतीचं वर्तुळ स्पष्ट. लाकडाच्या व्यापारात ओंडक्याच्या तोंडावर असे शिक्के मारतातच, कंपनीचे आणि वनखात्याचेही. तुळईच्या तीन बाजू वाकसाच्या आणि कुऱ्हाडीच्या, तासलेल्या. चौथ्या बाजूवर मात्र कमानी. आणि गंमत अशी की तिन्ही बाजूंच्या घावांत काळाकुट्ट धूर भरलेला, कमानींच्या खाचा त्यामानानं तांबूस. म्हणजे चौकोनी तासलेला मोठा नग आधी आला, कुठंतरी वर्षानुवर्षं धुरात राहिला, आणि नंतर कधीतरी मधून उभा चिरून त्याच्या दोन तुळया केल्या. सासरे सांगत होते त्यातलं रंगून शक्य आहे. चकतीचा काप मात्र बराच नंतरचा, बहुधा इथलाच. काकूंना वाईट वाटेल म्हणून मी जपून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग दुसरी अर्धी कुठाय?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. ती शेजारच्या सोप्यावर निघाली.

ब्रह्मदेशातून सागवान येत होतं यात शंका नाही. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ ची, आणि १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचं निमित्तच या कंपनीला झालेला दंड होता. मौलमीन आणि रंगूनला वाफेच्या सॉ मिल होत्या. पण तिथून निघालेलं प्रत्येक लाकूड गिरणीतून कापून निघत नव्हतं. तासलेले चौकोनी नगही जहाजावर चढत. त्यामुळे 'रंगूनचं' आणि 'वाफेवरचं' ही दोन विधानं एकमेकांत मिसळू देऊ नका. शिवाय आपल्याकडं कर्नाटकातल्या दांडेलीच्या बाजूचं सागवानही भरपूर उतरलं आहे.

वाफेच्या सॉ मिलचं नेमकं महत्त्व काय होतं, हे समजलं तर शोधताना काय बघायचं ते आपोआप कळतं. उदाहरण अमेरिकेचं घेतो, कारण तिथं ते अगदी उघडं दिसतं. १८५२ मध्ये हेन्री येस्लर नावाचा माणूस ओहायोकडून अमेरिकेच्या वायव्य टोकाला, प्युजेट साउंड या खाडीच्या किनाऱ्यावर आला. तिथं सिॲटल म्हणून मोजक्या घरांची वस्ती नुकती पडली होती. त्याला वाफेची सॉ मिल टाकायची होती. वस्तीतल्या बोरेन आणि मेनार्ड या दोघांनी आपापल्या जमिनीच्या हद्दी सरकवून त्याला टेकडीवरच्या जंगलापासून पाण्यापर्यंत पट्टा मोकळा करून दिला. १८५३ च्या मार्चमध्ये गिरणी सुरू झाली. सोन्याच्या लाटेनंतर सॅन फ्रान्सिस्कोला लाकूड पुरत नव्हतं, तिकडं जहाजं भरून जाऊ लागली. ओंडके टेकडीवरून ज्या वाटेनं घसरत आणत त्या वाटेला आज येस्लर वे म्हणतात. आसपासचे मूळ रहिवासीही गिरणीत कामाला होते. गिरणीच्या खानावळीत गावाच्या सभा व्हायच्या, आणि भुसा दलदलीत टाकून जमीन वाढवत नेली. १८८९ च्या मोठ्या आगीत तो भाग जळाला.

यातली मुख्य गोष्ट ही की पाण्यावर चालणाऱ्या करवतीला धबधबा लागतो, उतार लागतो, आणि उन्हाळ्यात तिचा जीव जातो. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात ज्या गिरणीच्या चरात सोनं सापडलं, ती सटरची गिरणी पाण्यावरचीच, म्हणून ती नदीकाठाला बांधलेली होती. वाफेला उतार नको. बॉयलरपुरतं पाणी आणि जळण मिळालं की बास, आणि जळण गिरणी स्वतःच तयार करते. साली, कडेच्या फाळी, भुसा. म्हणून ती जिथं लाकूड आणि जहाज भेटतात तिथं बसू शकली. आणि येस्लरला यंत्र परवडलं, कारण त्या किनाऱ्यावर पुरेसा मजूर मिळत नव्हता.

आपल्याकडं उलटं. इथं अरकशी गावोगाव होते. ज्याच्याकडं दोन माणसं आणि एक करवत आहे, त्याला कोळसा लागत नाही आणि बॉयलरचा परवानाही लागत नाही. त्यामुळे यंत्र आल्यावरही हाताची करवत लगेच मेली नाही. म्हणून हाताच्या खुणा दिसल्या की 'पेशवाई' असं लिहून मोकळं होऊ नका. त्या तुमच्या आजोबांच्या लग्नाच्या वेळच्याही असू शकतात. (इंग्लंडातसुद्धा अरकशी सहजासहजी हटले नाहीत. लंडनजवळ लाइमहाउसला वाऱ्यावर चालणारी सॉ मिल उभी राहिली, ती त्यांनी १७६८ मध्ये जमावानं जाऊन मोडली.)

चकतीनंही तसंच फसायला होतं. गोल चकतीला इंजिन कुठलं जोडलंय याचं सोयरसुतक नसतं. वाफ असो, क्रूड ऑइल असो की बिजलीची मोटर, कमान तीच. बँडसॉ मोठ्या ओंडक्यांसाठी अमेरिकेत १८७०-८० नंतर रुळला, आणि तो रुळायचं कारण भुसा. जुनी चकती एका कापाला पाव इंच लाकूड खाते. इंची फळ्या काढत गेलात तर चार फळ्यांमागे पाचवी भुशात जाते. बँडसॉ त्याच्या निम्मंच खातो. सागवानाच्या भावात हा फरक कुणालाही कळतो. पण आजही एखाद्या सॉ मिलमध्ये कोपऱ्यात चकती सुरू असते, त्यामुळे कमान दिसली म्हणून जुनं असंही नाही. खाचेचा रंग बघा, धूर बघा, खिळे बघा. ठोकून घडवलेला चौकोनी खिळा आणि तारेचा गोल खिळा यांत फरक आहे, आणि गोल खिळ्याखाली गंजाचा डाग किती खोल गेलाय तेही बघा. नव्या कापावर चहाचं पाणी आणि काळं पॉलिश मारून म्हातारपण आणणारे लोक आहेत. एका व्यापाऱ्याकडं मी टूथब्रशनं खाच घासली तर खालून पिवळाधमक सागवान हसला. म्हणून ब्रश.

आता इंजिन. जुन्या गिरणीची जागा ठाऊक असेल तर तिथं जा. वाफेची गिरणी पाण्याला चिकटून असते, नदीला नाहीतर मोठ्या विहिरीला. विटांचा धुरांडा नाहीतर त्याचा चौथरा शोधा. मोठ्या चाकासाठी जमिनीत खणलेला अरुंद, लांब खड्डा आणि त्याच्या दोन्ही अंगांना जाड बोल्ट रोवलेला दगडी पाया असतो. राख चाळून बघा. लाकूड-भुशाची राख मऊ, करडी. दगडी कोळशाचे जळून चिकटलेले काळे गोटे निघाले तर कोळसा बाहेरून आणत होते, मग रेल्वे कुठवर आली होती त्याचा विचार करा. सांगली-मिरज हा फाटा १९०७ चा. ऑइल इंजिनाचा पाया लहान असतो, शेजारी थंड पाण्याचा हौद आणि भिंतीला धुराच्या नळीचं काळवंडलेलं भोक. 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स'ची पाटी असेल तर ते १९४६ नंतरचं. किर्लोस्करवाडी १९१० ची म्हणून त्यांचं सगळंच त्या काळातलं असं नव्हे.

मात्र पाया नाही म्हणून वाफ नव्हती, असंही ठरवू नका. चाकांवरची वाफेची इंजिनं होती, बैल जुंपून ओढत नेता येणारी. गेन्सबरोची मार्शल, लिंकनची रस्टन अशा इंग्लिश कारखान्यांची. ती काम संपलं की निघून जात, मागं फक्त राख. सुदैवानं इंजिनच कुठं पडलेलं सापडलं तर पितळी पाटीवरचा नंबर उतरून घ्या, त्यावरून बनल्याचं साल लावता येतं. पाटी भंगारात गेली असेल तर बॉयलरच्या पत्र्यावर ठोकलेला नोंदणी क्रमांक शोधा. १९२३ च्या बॉयलर कायद्यानं तो ठोकणं सक्तीचं केलं.

कागदांत शिरताना एक खोच लक्षात ठेवा. सातारा १८४८ ला खालसा झाला, पण सांगली, मिरज, औंध, जत ही संस्थानं राहिली. ब्रिटिश मुलखाचे कायदे तिथं आपोआप लागू नव्हते. म्हणून साताऱ्याची किंवा कराडची गिरणी सरकारी फॅक्टरी यादीत शोधायची, सांगलीची संस्थानाच्या दप्तरात, आणि त्यासाठी कोल्हापूरच्या पुरालेखागारात विचारून बघायचं. फॅक्टरी यादीलाही उंबरठा आहे. १८८१ चा कायदा शंभर माणसांच्या वरच्या कारखान्यांना, १८९१ नंतर पन्नास, १९२२ नंतर वीस. आठ-दहा माणसांची सॉ मिल त्यात दिसणारच नाही, न दिसणं हा पुरावा नव्हे. साताऱ्याचं १८८५ चं गॅझेटियर चाळा, त्यात जंगल आणि इमारती लाकडाची चांगली माहिती आहे. १९४९ ते १९६० मधले कागद शोधताना 'सांगली जिल्हा' टाकाल तर हात हलवत परत याल. तेव्हा नाव 'दक्षिण सातारा' होतं. नगरपालिकेचा घरपट्टी उतारा आणि सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक यांत 'वखार', 'करवत कारखाना', 'इंजिनघर' असे शब्द जागेच्या वर्णनात सापडतात, तिथं बोट ठेवून वाचा. कागदाचा फोटो तिथल्या तिथं काढा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा शहरातल्या कित्येक कपाटांचा लगदा झाला.

म्हाताऱ्या माणसांना "वाफेचं इंजिन होतं का?" असं विचारू नका. तुम्ही इतक्या आशेनं विचारता की ते हो म्हणतात. "आजोबा, त्याच्यात काय टाकायचे?" असं विचारा. "भुसा, साली, ढलप्या" म्हणाले तर बसा, चहा मागवा. "डब्यातनं तेल ओतायचे" म्हणाले तर ऑइल इंजिन, विषय संपला. दुसरा प्रश्न, सकाळी सुरू करायला किती वेळ लागायचा. बॉयलरला वाफ धरायला तास-दोन तास जातात, त्यामुळे पहाटे जाळ घालायला येणारा एक माणूस असतोच, आणि तो पोरांच्या लक्षात राहतो. भोंग्याची आठवण मात्र जपून घ्या, भोंगे कापसाच्या जिनिंगलाही होते.

हे सगळं झाल्यावरच लाकडाला हात लावा. प्रत्येक नगाला खडूनं नव्हे, पत्र्याच्या चकतीवर नंबर ठोकून बांधा. कुठल्या खोलीतली, कुठली बाजू वर होती, कुठलं टोक भिंतीत होतं. पट्टी शेजारी ठेवून फोटो, बटर पेपरची पेन्सिल-छाप वहीत. गिऱ्हाईक घाई करतं, सुतार रंध्याची मशीन लावून उभा असतो, आणि त्याचा एक हात फिरला की कमान गेली. निदान एका नगाची एक वीत कोरी ठेवायला सांगा, आतल्या बाजूला, कपाटाच्या पाठीला कुठंही चालेल. आमचा सुतार कुरकुरतो, पण ठेवतो.